वत्सलाबाईंचं वाफघर

१

टॉवेलखालून आधी खोकला आला. वाफघरात खोकला ऐकून कुणी मान वर करत नाही. तिथं येतात तीच मुळी खोकणारी माणसं. पण हा खोकला थांबेना. मग धाडकन पातेलं उलटलं, गरम पाणी फरशीवर पसरलं आणि रामदास बाकावरून आडवा झाला.

रंजना दारातच होती. उधन्याच्या डॉ. जयश्री बोरसेंच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि दर रविवारी सकाळी डॉक्टरांच्या वतीनं भेस्तानच्या या वाफघरात येऊन बसायची. कुणाची धाप वाढलीय, कुणाला वाफ द्यायची नाही, हे पाहणं तिचं काम. ती धावली तेव्हा रामदासचे ओठ जांभळे पडले होते. मान ताणून तो हवा ओढत होता, पण हवा आत जात नव्हती.

"त्याला झोपवू नका!" वत्सलाबाईंचा आवाज आला. "दगाभाऊ, पाठीमागून धरा. बसता करा. रंजना, त्याच्या खिशात पंप आहे बघ."

रंजनानं श्वासाचा पंप काढून रामदासच्या तोंडाला लावला. दगा मुकादमानं त्याचा हिरवा टॉवेल ओढून बाजूला फेकला आणि त्याला उचलूनच रिक्षात घातलं. त्या सगळ्या गडबडीत वत्सलाबाई ना ओरडल्या, ना रडल्या. रामदासची मान आपल्या खांद्यावर टेकवून त्या एवढंच म्हणत होत्या, "हळू, दादा. सोडा श्वास. आधी सोडा, मग घ्या."

रिक्षा सिव्हिल हॉस्पिटलच्या दिशेनं गेली. मागे राहिल्या वत्सलाबाई, रंजना आणि गर्दी. प्लेगच्या वर्षाला अजून फार दिवस झाले नव्हते. श्वास कोंडून माणूस पडला म्हटलं की सुरतेत लोकांच्या अंगावर काटा यायचा.

"तेलात विष होतं," कुणीतरी म्हणालं.

"बाईनं मारला त्याला!"

आणि अंगणातल्या तांब्याच्या भट्टीवर ठणकन पहिला दगड बसला.

२

ही भट्टी वत्सलाबाईंनी कशी उभी केली होती, ते सगळ्या भेस्तानला माहीत होतं. त्या मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या. नवरा इथं लूमवर होता. वर्षानुवर्षं सुताची तूस छातीत भरून घेतली आणि शेवटी तो बसल्या जागी धापा टाकत गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांत एका म्हाताऱ्या वैद्यानं दिलेल्या निलगिरीच्या तेलाची वाफ घेतली, की त्याला घटकाभर डोळा लागायचा. बाईंनी त्या वैद्याकडे जाऊन तेल काढायची विद्या शिकून घेतली. भट्टीत निलगिरीचा पाला नाहीतर गवती चहा भरायचा, खाली जाळ करायचा, वाफ गार नळीतून उतरवायची. पाणी खाली राहतं, तेल वर तरंगतं.

तेल विकून त्यांना चांगला पैसा करता आला असता. पण पहिली बाटली भरल्यावर त्या ती घेऊन थेट डॉ. जयश्रींच्या दवाखान्यात गेल्या होत्या. "बाई, यानं नवऱ्याला बरं वाटायचं," त्या म्हणाल्या होत्या. "पण तो वाचला नाही. मग याचा उपयोग किती, आणि कुठं संपतो, ते मला सांगा."

रंजनानं तो प्रसंग स्वतः पाहिला होता. डॉक्टरांनी त्या दिवशी बाईंना खुर्ची दिली आणि बाहेर रोग्यांची रांग असताना त्यांच्याशी बोलत बसल्या. त्यातून वाफघराचे नियम ठरले. तेल वाफेपुरतं, पोटात कधीच नाही. लहान मुलांना नाही. वासानं ज्यांचा दमा उसळतो, त्यांना नाही. आणि पंप, गोळ्या कुणीही सोडायच्या नाहीत. प्लेगनंतर आणखी एक नियम आला: ज्यानं त्यानं आपलं पातेलं आणि आपला टॉवेल घरून आणायचा. "दमा बरा होईल का?" असं कुणी विचारलं, की वत्सलाबाई स्वच्छ सांगायच्या, "नाही. छाती मोकळी वाटेल, कफ सुटेल, जरा झोप लागेल. बरं करायचं काम डॉक्टरांचं."

अशा बाईच्या भट्टीवर आज दगड पडत होते.

दगड थांबले ते फौजदार आले म्हणून. त्यांच्या पाठोपाठ हॉस्पिटलमधून डॉ. जयश्रीही आल्या. उंच, सडपातळ, बोलायला कमी आणि बघायला जास्त.

"रामदास जिवंत आहे," त्यांनी आल्याआल्या सांगितलं. "ऑक्सिजनवर ठेवलाय. बोलू शकत नाही. आजची रात्र काढली तर वाचेल."

वत्सलाबाई पुढे आल्या. "डॉक्टरीणबाई, माझ्या तेलानं झालं असेल तर तसं सांगा. भट्टी मी माझ्या हातानं फोडते. पण आधी हे बघा." त्यांनी सकाळचीच बाटली घेतली, गरम पाण्यात थेंब टाकले आणि साऱ्या गर्दीसमोर पदर डोक्यावर घेऊन वाफेवर वाकल्या. बाई घामानं डबडबून उठल्या, तेव्हा कितीतरी माणसांनी माना खाली घातल्या.

"तुमची हिंमत मोठी," डॉक्टर म्हणाल्या, "पण यानं काही सिद्ध झालं नाही. तुमची छाती धडधाकट आहे, रामदासची नाही. मला पटतंय ते वेगळ्या कारणानं. याच बाटलीतलं तेल आज सहा जणांच्या पातेल्यात पडलं. पाणीही एकाच हंड्यातलं. सहाही जण दम्याचेच. आणि पडला एकटा रामदास."

"म्हणजे पातेल्यात काहीतरी होतं," फौजदार म्हणाले.

"पातेलं मी उकळत्या पाण्यानं विसळलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "प्रत्येकाचं विसळते. मग पाणी, मग तेल."

डॉक्टरांनी कोपऱ्यात पडलेला रामदासचा हिरवा टॉवेल उचलला, नाकाशी नेला आणि रंजनापुढे धरला.

"काय वास येतो?"

"निलगिरीचा, मॅडम."

"त्याच्या खाली?"

रंजनानं पुन्हा हुंगलं. घशाला बारीक ठसका लागला. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो, तसला उग्र वास.

डॉक्टरांनी टॉवेल उजेडात पसरला. हिरव्या कापडावर मधोमध पांढरे डाग होते. रंग जणू कुणी चाटून घेतला होता.

"हायड्रो," डॉक्टर म्हणाल्या. "कापडाचा रंग उडवायची पांढरी भुकटी. गरम पाण्यात पडली की गंधकाचा धूर सोडते. चांगल्या माणसाला ठसका लागतो. दमेकऱ्याची छाती कुलूप लावल्यासारखी बंद होते."

"ही भुकटी मिळते कुठं?" फौजदारांनी विचारलं.

"पलसाण्याच्या रंगाच्या मिलांमध्ये ढिगानं."

वत्सलाबाई मटकन ओट्यावर बसल्या. त्यांचा सख्खा भाचा, चेतन, पलसाण्याच्या रंगाच्या मिलमध्येच कामाला होता.

३

चेतन दुपारपाळीला निघायच्या तयारीत होता. त्याच्या शर्टावर निळे-जांभळे शिंतोडे होते आणि नखांत रंग मुरलेला होता. खोलीत फौजदार शिरल्याबरोबर तो उभा राहिला.

"हायड्रो तुझ्याकडे असतं?"

"मिलमध्ये असतं. रोज हाताळतो. त्यात काय छुपं आहे?"

"शनिवारी मावशीशी भांडलास ना? शेजाऱ्यांनी ऐकलंय."

चेतननं वत्सलाबाईंकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "भांडलो. मी म्हणत होतो, बाटलीवर लेबल लावू. 'दमा मुळापासून बरा.' अख्ख्या सुरतेत खपेल. मावशी म्हणाली, खोट्या लेबलाला मी तेल देणार नाही. मी रागानं म्हणालो, तुझं वाफघर एक दिवस बसेल. एवढंच. तुमच्या पाया पडून सांगतो, साहेब, एवढंच."

"आणि दुसऱ्याच दिवशी बसलं," फौजदार म्हणाले.

डॉ. जयश्री खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, "चेतन, मिलमधून चिमूटभर हायड्रो घरी आणायचं, तर कसं आणशील?"

"आणणारच नाही, मॅडम. फार खोडील माल आहे. डबा बंद पाहिजे, हात कोरडे पाहिजेत. ओल लागली की तापतं, धूर काढतं, कधी पेटही घेतं. आमच्याकडे एकानं ओल्या हातानं पिशवी उघडली, तर साऱ्या खात्याला बाहेर पळावं लागलं. आणायचंच झालं, तर झाकण घट्ट लागेल अशा काचेच्या बाटलीत आणीन."

"कागदाच्या पुडीत?"

"खिशात घालून? ह्या घामात?" त्याही अवस्थेत चेतनला हसू आलं. "वेडा समजलात का मला?"

फौजदारांना यातलं काही पटलं नाही. मिल पलसाण्यात, भांडण शनिवारी, कांड रविवारी. त्यांच्या दृष्टीनं सगळं जुळलं होतं. त्यांनी चेतनला जीपमध्ये बसवलं.

वत्सलाबाई जीपजवळ गेल्या. रंजनाला वाटलं, आता त्या हंबरडा फोडतील. पण त्यांनी भाच्याच्या गालाला हात लावला. "तू कये व्हई त सांगी टाक, भाऊ," त्या घरच्या बोलीत म्हणाल्या. केलं असशील तर सांगून टाक. "नही कये व्हई त मान खाले नको घालू."

"नही कये, मावशी," चेतन म्हणाला. जीप सुरू झाली तेव्हा त्याची मान ताठ होती.

"मॅडम, तो खरं बोलतोय?" रंजनानं विचारलं.

"ते मला अजून ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण रामदासच्या टॉवेलला एक प्रश्न विचारायचा राहिलाय. तो त्याच्या बायकोला विचारू."

४

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मंदा भिंतीला टेकून बसली होती. रामदास आणि ती जालन्याकडचे. आतल्या खाटेवर ऑक्सिजनची नळी लावून तो पडला होता. छाती अजून भात्यासारखी हलत होती, पण ओठांचा रंग परतत होता. सोमवारचं ऊन व्हरांड्यात आलं होतं आणि मंदाच्या पोटात आदल्या दिवसापासून चहापलीकडं काही गेलं नव्हतं.

"लोक म्हणतात, मीच काहीतरी केलं," ती म्हणाली. "भांडले व्हते मी त्या दिवशी. मेल्या, मर एकदाचा, असं म्हणले. जिभेला हाड नसतंय बघा, डॉक्टरीणबाई. हा गडी रात रात बसून काढतो. मी त्याची पाठ चोळते. वैतागते कधी, म्हणून मारीन व्हय त्याला?"

डॉक्टर तिच्या शेजारी खालीच बसल्या. "कशावरून भांडलात?"

"उशीर झाला म्हणून. वाफंला जायचं तर पातेलं सापडंना, टॉवेल सापडंना. मग म्याच दोरीवरचा टॉवेल ओढला आन् त्याच्या खांद्यावर फेकला. म्हणलं, जा."

"टॉवेल वाळलेला होता?"

"खडखडीत."

"घडी करून दिला नाहीत?"

"घडी कशाची करता, बाई! चोळामोळा फेकला. त्याच्यावरून बी गुरगुरला माझ्यावर." मंदाला रडू फुटलं. रंजनानं तिला जवळ घेतलं.

त्यानंतर दगा मुकादमाची पाळी आली. भेस्तानमध्ये ज्याच्यावर पहिला संशय घ्यावा, असा माणूस तोच. लूमच्या शेडमध्ये तो मालकाचा उजवा हात. वत्सलाबाई कामगारांना नाकाला फडकं बांधायला सांगत, खिडक्या उघड्या ठेवा म्हणून मुकादमाला सांगायला लावत; वाऱ्यानं सूत तुटतं म्हणून मालक खिडक्या उघडू देत नसे. दगानं चारचौघांत त्यांना दम दिला होता. मग रविवारी तो वाफघरात, आणि तेही नेमका रामदासशेजारी, काय करत होता?

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा दगानं शेडचं दार लोटून घेतलं. आतल्या खडखडाटाचा आवाज जरा कमी झाला. तो बोलायला गेला आणि त्याला खोकला आला. बराच वेळ आला.

"हे करत होतो," तो शेवटी म्हणाला. डोळ्यांतलं पाणी त्यानं बाहीनं पुसलं. "आजूबाजूचे सगळे आपली डोकी झाकून बसतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, मला कोण ओळखतंय! बाईंनी ओळखलं. पण चकार शब्द बोलल्या नाहीत. माझं पातेलं विसळलं, पाणी ओतलं. ज्या बाईला मी दम दिला, तिनं मला विचारलं, 'जास्त गरम नाही ना?' बस. त्या दिवसापासून मी तिच्या वाटेला जाणार नाही म्हणून कानाला खडा लावला."

"रामदास तुमच्या शेजारी बसला. त्यानं काय काय केलं, ते आठवून सांगा."

"काय करणार? पातेलं पुढं ठेवलं. बाईंनी पाणी दिलं, तेल टाकलं. त्यानं टॉवेलची घडी मोडली, डोक्यावर घेतला आणि—"

"थांबा." डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. "काय मोडली?"

"टॉवेलची घडी."

"चोळामोळा टॉवेल नव्हता?"

"नाही बुवा. चांगली चौकोनी घडी होती. दुकानातून आणल्यासारखी."

डॉ. जयश्री उठल्या. "रंजना, रामदासच्या घरापासून वाफघरापर्यंत चालत जायचंय. त्याच वाटेनं."

५

वाट काही फार नव्हती. चाळ, पाण्याचा नळ, किराणा दुकान आणि मग कोपरा. कोपऱ्यावर एका हातगाडीवर लाल-पिवळ्या बाटल्यांची उतरंड लावलेली आणि वर पाटी: 'दमा, खोकला, छातीचे सर्व विकार मुळापासून गायब.' गाडीमागे भगवा कुर्ता घातलेला, टिळा लावलेला छगनबापू उभा होता.

"या, या, डॉक्टरसाहेब!" तो हात जोडून म्हणाला. "आवो बेन! आमच्यासारख्या गरिबाच्या गाडीवर आज कसे पाय लागले?"

"रामदासबद्दल विचारायला आले. तुम्हांला छातीच्या रोगाची जाण आहे म्हणतात."

बापू फुलला. "तेल वाईट नव्हे, बेन. पण बाईमाणसानं असले उद्योग करू नयेत. किती वेळा समजावलं तिला. आता बघा, माणूस जिवानिशी जायचा."

"रविवारी तुम्ही वाफघराकडे गेला होतात?"

"छे! जागचा हललो नाही. त्या दारात मी पाऊल ठेवलेलं नाही, कुणालाही विचारा. बसा तर खऱ्या, चहा मागवतो. आणि हे घ्या, तोंड गोड करा." त्यानं गाडीखालच्या डब्यातून गुळाचे खडे काढून पुढे केले. "मेव्हण्याचं बारडोलीकडे गुऱ्हाळ आहे. कालपरवाच जाऊन आलो. बघा रंग कसा आहे!"

गूळ खरंच बघण्यासारखा होता. पिवळाधमक, सोन्यासारखा. रंजनानं खडा तोंडात टाकला. डॉक्टरांनी मात्र आपला खडा रुमालात बांधला आणि बापूच्या कुर्त्याकडे पाहत राहिल्या. भगव्या कुर्त्याच्या उजव्या खिशापाशी, तळाच्या शिवणीला, फिकट पांढुरके ठिपके होते.

"कुर्ता छान आहे," त्या म्हणाल्या.

"ओळख आहे आमची, बेन. याच्याशिवाय गिऱ्हाईक ओळखत नाही."

"मग उद्या सकाळी हाच घालून वाफघरात या. फौजदार येणार आहेत. त्यांना छातीच्या रोगाचा जाणकार माणूस हवाय."

गाडीपासून दूर आल्यावर रंजनाला राहवलं नाही. "मॅडम, तो खरंच जागचा हलला नव्हता. किराणावालाही तेच म्हणतो."

"हलायची गरजच नव्हती त्याला," डॉक्टर म्हणाल्या.

६

मंगळवारी सकाळी वाफघराचं अंगण भरून गेलं. फौजदार खुर्चीवर, त्यांच्यामागे चेतन, ओट्यावर मंदा आणि दगा, पुढच्या रांगेत ऐटीत छगनबापू. वत्सलाबाई दगडानं चेपलेल्या भट्टीशेजारी उभ्या होत्या.

डॉक्टरांनी आधी पाण्याचं पातेलं पुढे घेतलं.

"इथं तीन गोष्टी तपासायच्या आहेत," त्या म्हणाल्या. "तेल, पाणी आणि पातेलं. तिन्हींत दोष नाही, कारण तेल-पाणी सगळ्यांना एकच होतं आणि पातेलं उकळत्या पाण्यानं विसळलेलं होतं. मग भुकटी आली कुठून? वरून. रामदासनं डोक्यावर टॉवेल उघडला, आणि घडीतली भुकटी सरळ गरम पाण्यात पडली. टॉवेलवरचे डाग मधोमध आहेत ते त्यामुळे."

गर्दीत कुजबुज झाली.

"घरून निघताना टॉवेलला घडी नव्हती. मंदानं तो चोळामोळा खांद्यावर फेकला होता. वाफघरात पोचला तेव्हा घडी होती. दगाभाऊंनी ती मोडताना पाहिलं. म्हणजे वाटेत कुणीतरी टॉवेल हातात घेतला आणि घडी घालून परत दिला. ज्याला भुकटी लपवायची होती, त्यानं."

"पण हायड्रो पलसाण्याचं ना?" फौजदार म्हणाले. "म्हणजे चेतनच."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण चेतनला हायड्रो माहीत आहे, आणि तेच त्याला सोडवतं. माहीत असलेला माणूस ते घामाच्या खिशात पुडी करून घालणार नाही. हे ज्यानं केलं, त्यानं ही भुकटी दुरून पाहिलेली होती. तिचा ठसका पाहिला होता, तिचा स्वभाव नाही. आणि पलसाण्याशिवाय ही भुकटी आणखी एका ठिकाणी असते." त्यांनी रुमाल सोडला. पिवळाधमक गुळाचा खडा उन्हात चमकला. "गुऱ्हाळात. रस उकळताना ही टाकली की काळपट गूळ सोन्यासारखा होतो."

छगनबापूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे इकडेतिकडे फिरू लागले. "गूळ काय, सगळेच खातात, बेन."

"खरं आहे. गुळावरून मी कुणाला चोर म्हणणार नाही. म्हणून आज सकाळी हॉस्पिटलमध्ये गेले. रामदासला बोलता येऊ लागलंय. मी त्याला एकच प्रश्न विचारला: टॉवेलची घडी कुणी घातली?"

मंदा ताडकन उठून उभी राहिली.

"तो म्हणाला, छगनबापूंनी. 'नाडी बघतो' म्हणून वाटेत थांबवलं. पातेलं गाडीवर ठेवायला लावलं. टॉवेल आपल्या हातात घेतला. आणि जाताना घडी करून खांद्यावर ठेवला. रामदासला तेव्हा ती मायाच वाटली. घरी भांडण झालं होतं ना, म्हणून."

"खोटं!" बापू ओरडला. "दुखणाईत माणूस, भ्रम झाला असेल त्याला!"

डॉक्टरांनी लाल सुती फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि फौजदारांच्या हाती दिलं. "त्यांच्या उजव्या खिशाच्या तळाशी, शिवणीत, हे दाबून धरा. तिथं भुकटी उरली असेल, तर याचाही रंग उडेल."

बापू मागे सरकला. मागे दगा येऊन उभा राहिला होता. फौजदारांनी फडकं खिशात कोंबलं, जरा वेळ धरलं आणि बाहेर काढलं. लाल कापडावर पांढरे ठिपके उमटले होते. रंजना बघत असतानाच ते पसरत गेले.

छगनबापू जमिनीवर बसला.

"मारायचं नव्हतं मला," तो पुटपुटला. "गुऱ्हाळात कढईपाशी माणसं खोकतात, बाहेर जातात, बरी होतात. वाटलं, कुणीतरी ठसकेल, बोंब होईल, लोक हिच्याकडे यायचे थांबतील. माझ्या बाटलीला कुणी हात लावीना. ही सगळ्यांना सांगते, दमा बरा होत नाही. असं सांगून कुणी धंदा करतं का?"

"ती गुऱ्हाळातली माणसं धडधाकट असतात, बापू," वत्सलाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "इथं येतात त्यांच्याकडे काडीएवढा श्वास शिल्लक असतो. त्याच्याशी खेळलास तू."

फौजदारांनी खूण केली. शिपायांनी बापूला उठवलं. चेतन धावत येऊन मावशीच्या पायांवर कोसळला. दगानं सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं, की आजपासून शेडच्या खिडक्या उघड्या राहतील, मालकाला जे करायचं ते करू दे. मंदा डॉक्टरांचा हात सोडायला तयार नव्हती. कुणीतरी नारळ आणायला पळालं.

रंजना डॉक्टरांकडे बघत होती. एवढं सगळं उकलणारी ही बाई स्वतः मात्र वत्सलाबाईंकडे बघत होती.

७

कारण वत्सलाबाई अंगणात नव्हत्याच. त्या जीपपाशी पोचल्या होत्या.

"छगन," त्या गजाला धरून म्हणाल्या, "एक सांग. तुझ्या बाटलीच्या भरवशावर पंप आणि गोळ्या कुणी कुणी सोडल्या?"

बापू तोंड फिरवून बसला.

"मला तुझ्यावर राग काढायचा नाही. तू तुरुंगात जाशील, तुझी बाटली उद्या मिळायची नाही. ती माणसं काय करतील? नावं सांग."

मग तो खालच्या आवाजात एकेक नाव सांगत गेला. बाई प्रत्येक नाव स्वतःशी पुटपुटत होत्या.

नारळ फुटला, तेव्हा लोक भट्टी पेटवायला सांगू लागले. आज वाफ द्याच, म्हणाले. "आज नाही," बाई म्हणाल्या. "भट्टीला पोचा पडलाय. आणि मला काम आहे." त्यांनी रंजनाला बोलावलं, कोपऱ्यावरची रिक्षा थांबवली.

पहिलं घर रेल्वेरुळांपलीकडे होतं. दार सरलाबाई नावाच्या म्हातारीनं उघडलं. भिंतीला धरून ती उभी होती आणि दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. मागच्या फळीवर छगनच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. तिनं डोळे बारीक करून वत्सलाबाईंना ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तू... ती तेलवाली ना? तेल आणलंस का गं... माझ्यासाठी?"

रंजनाला वाटलं, बाई आता तेलाची बाटली काढतील. पण बाटली त्यांनी आणलीच नव्हती.

"नाही, मावशी," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी म्हातारीच्या कमरेभोवती हात घातला. "तेलाचं मग बघू. आज रिक्षा आणलीय. चला, आधी डॉक्टरांकडे."